काकींच्या भेंडीला लागलेली हळद

फोटो पाहून रोगाचं निदान करू नये, हे शेतकी महाविद्यालयात पहिल्याच वर्षी सांगतात. मी ते केलं. मार्चचा शेवटचा आठवडा होता, आमच्या कृषी कार्यालयात काजूच्या अर्जांची गर्दी होती. डिचोली तालुक्यातल्या एका काकींच्या मुलानं व्हॉट्सॲपवर भेंडीच्या पानाचा फोटो पाठवला. पान पिवळं, फोटो हललेला, अर्ध्या पानावर उन्हाची तिरीप. मी उभ्या उभ्या पाहिला आणि लिहून टाकलं, "लोह कमी पडलेलं दिसतंय. फेरस सल्फेट फवारा, आठ दिवसांनी कळवा."

अकराव्या दिवशी फोन आला तो काकींचा. "बाय, झाडांक हळद लागल्या गे. एकदा येऊन बघ."

हळद हा शब्द ऐकल्यावर माझ्या पोटात गोळा आला. भेंडीच्या शिरा पिवळ्या करणाऱ्या या विषाणूच्या रोगाला घाटावरचे शेतकरी केवडा म्हणतात, कुणी हळद्या म्हणतात. ज्यांनी तो डोळ्यांनी पाहिलाय त्यांनाच असं नाव सुचतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मळ्यात पोचले. डोंगराच्या पायथ्याशी भाताच्या कापणीनंतर धरलेली जमीन, वरच्या बाजूला काजूची झाडं, खाली पडलेल्या बोंडूंचा आंबूस वास. काकींची भेंडी म्हणजे गोव्याची जुनी सात शिरांची भेंडी. फिकट हिरवी, वीतभराहून लांब, शिजल्यावरही कोवळी राहणारी. माशेलच्या बाजारात ती बायका नगावर विकतात आणि गिऱ्हाईक लांबूनच ओळखतं. सांत इस्तेव, ज्याला आखाडा म्हणतात, त्या बेटावर काकींचं माहेर. लग्नात त्यांच्या आईनं ओटीत जे दिलं त्यात या भेंडीचं बी होतं, असं त्या सांगतात. भाजीसाठी नाव असलेल्या त्या बेटावरचं हे बी, त्यामुळे मला त्यात काही नवल वाटत नाही.

मी पहिलंच पिवळं पान तोडलं आणि सूर्याकडे धरलं. पाच सेकंदांत उत्तर समोर होतं. शिरा पिवळ्याधमक, त्यांचं जाळं पानभर पसरलेलं आणि मधल्या चौकटी हिरव्या. लोह कमी पडलं की नेमकं उलटं होतं: कोवळ्या पानांत शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. इतका सरळ फरक. हललेल्या फोटोत मला फक्त पिवळं दिसलं होतं, आणि पिवळं म्हणजे लोह असं मी धरून चालले होते.

पान उलटवलं, झाड हलकंच हलवलं. पिठाची चिमूट उडावी तशा पांढऱ्या माश्या उडाल्या आणि पुन्हा पानांखाली जाऊन बसल्या. एक मिलिमीटरचा जीव. केवडा झालेल्या झाडाचा रस पिताना विषाणू तिच्या पोटात जातो, शरीरातून फिरून लाळेत येतो, आणि पुढे ती ज्या झाडावर सोंड टोचेल त्याला तो मिळतो. हाताला लागलेल्या रसानं हा रोग पसरत नाही, बियांतूनही नाही. माशी हीच त्याची वाट.

काकींना मी तिथेच बांधावर बसवून सांगितलं, "काकी, माझं चुकलं. मी लोह म्हटलं, ते लोह नव्हतं. अकरा दिवस माझ्यामुळे गेले." त्या काही बोलल्या नाहीत. पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "मग आता औषध कितें?"

औषध नाही, हे सांगणं त्या सकाळचं सगळ्यात जड काम होतं. विषाणू एकदा झाडात शिरला की कुठलीही फवारणी त्याला बाहेर काढू शकत नाही. आपण फक्त माशी आणि झाड यांच्यामध्ये उभं राहू शकतो. त्यातही लागण झाल्यापासून पान पिवळं दिसेपर्यंत दोनेक आठवडे जातात, म्हणजे आज हिरवं दिसणारं झाडही आतून गेलेलं असू शकतं. माझे अकरा दिवस त्या हिशेबात कुठे बसत होते ते मला कळत होतं. पीक जेमतेम 45 दिवसांचं होतं. या रोगावरच्या जुन्या अभ्यासात उगवणीनंतर 20 दिवसांच्या आत लागण झाली तर 94 टक्के, 50 दिवसांनी झाली तर 84 टक्के आणि 65 दिवसांनी झाली तर 49 टक्के उत्पन्न जातं असे आकडे आहेत. झाड जितकं लहान तितकं नुकसान मोठं. ज्या दिवसांत धावायला हवं होतं त्या दिवसांत आम्ही पानांना लोह पाजत बसलो होतो.

मुलगा म्हणाला, "मॅडम, मी दुकानातून एक औषध आणून दोनदा मारलं. माश्या कमी झाल्याच नाहीत, वाढल्या." बाटली पाहिली. सिंथेटिक पायरेथ्रॉइड, सरसकट किडे मारणारं रासायनिक कीटकनाशक. त्यानं कोळी गेले, ढालकिडे गेले, माश्यांना खाणारं कुणी उरलं नाही, आणि माश्या बहुतेक पानांच्या खालच्या अंगाला सुरक्षित राहिल्या. शिवाय भेंडी दिवसाआड तोडावी लागते. आज फवारलेली भेंडी परवा कुणाच्या तरी ताटात जाते. हे त्याला दुकानात कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडूनही कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं.

काकींनी विचारलं, "हें आतांच्या औषधांनी आयलां काय?" नाही. मुंबई इलाख्यात या रोगाची नोंद कुलकर्णी यांनी 1924 मध्ये केली. तो विषाणूचा आहे हे उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी 1940 मध्ये मांडलं. "म्हणजे माझ्या आवयच्या वेळारय होतो," त्या म्हणाल्या. आईच्या काळीही हा रोग होता हे कळून त्या जराशा सैल झाल्या. बी आपल्या हातून बिघडलं नाही, एवढंच त्यांना ऐकायचं होतं असं मला वाटतं.

मग आम्ही मोजायला लागलो. एकेक ओळ, एकेक झाड. 412 झाडं, त्यांतली 58 पिवळी. मोजताना एक गोष्ट लक्षात आली. पिवळी झाडं मळाभर विखुरलेली नव्हती, विहिरीच्या बाजूला दाट होती आणि डोंगराकडे विरळ होत गेली होती. मी विहिरीकडे गेले. तिथे पंप ठेवायच्या खोपीच्या आडोशाला पुरुषभर उंचीची, खोडं लाकडासारखी झालेली अकरा झाडं उभी होती. ऑक्टोबरच्या पेरणीतली. प्रत्येकाला लाल दोरा. बियाण्यासाठी राखलेली, माहेरची. सगळ्यांच्या शेंड्यांवर पिवळं जाळं. शेंगा भरून आल्यावर लागण झालेली असावी, म्हणून झाडं मेली नाहीत आणि त्यांच्याकडे कुणी लक्षही दिलं नाही. फेब्रुवारीत जवळच नवी भेंडी उगवली तेव्हा माश्यांना दहा पावलांवर कोवळं ताट वाढलेलं होतं.

काकी माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी काय सांगणार ते त्यांना कळलं असावं. "तीं नाका गे," एवढंच म्हणाल्या.

मी शेंगा चाचपून पाहिल्या. बहुतेक वाळत आलेल्या, शिरांवर उकलायच्या बेतात. एक फोडली. बी टपोरं, काळपट, दातांखाली कडक. तेव्हा मी त्यांना पुन्हा सांगितलं, या वेळी सावकाश: रोग झाडात आहे, बियांत उतरत नाही. शेंगा तुमच्या, झाडं मात्र द्या. त्यांनी स्वतःच्या हातांनी सगळ्या शेंगा खुडल्या, देठासकट, आणि सुपात ठेवल्या. लाल दोरेही सोडून घेतले.

ऊन चढायच्या आत काम उरकायचं होतं. थंड वेळी माशी सुस्त असते, तापल्यावर ती उडून शेजाऱ्याच्या मळ्यात जाते. खताची रिकामी पोती जमवली. एकानं झाड न हलवता वरून पोतं चढवायचं, दुसऱ्यानं बुडाशी आवळून धरायचं, तिसऱ्यानं कोयत्यानं कापायचं. नुसतं उपटून ओढत नेलं असतं तर आम्हीच माश्या मळाभर वाटल्या असत्या. नऊ वाजेपर्यंत 58 आणि अकरा, सगळी झाडं खड्ड्यात गेली. दिवसभर काकींनी एकदाही मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

बाकीचं त्याच दुपारी केलं. तेलाचे रिकामे डबे पिवळे रंगवून, वर एरंडेल फासून झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवर टांगले. संध्याकाळी निंबोळी अर्क, पाच टक्के, पानांच्या खालून. बांधावरचं तण काढलं. रोज सकाळी फेरी आणि पिवळं दिसलं की पोतं, हे मुलानं अंगावर घेतलं. पुढच्या दोन आठवड्यांत आणखी 83 झाडं काढावी लागली. उरलेल्या 271 झाडांनी मे संपेपर्यंत भेंडी दिली.

निघताना मी परभणी क्रांतीचं नाव काढलं होतं. मराठवाड्यातल्या विद्यापीठानं रानटी भेंडीच्या जातीशी संकर करून काढलेलं, केवड्याला बऱ्यापैकी तोंड देणारं वाण. काकी म्हणाल्या, "ती आखूड काळी भेंडी? माशेलांत कोण घेतलो?" मी वाद घातला नाही. एकेकाळी पुसा सावनीही केवड्याला टिकते म्हणून देशभर गेली आणि पुढे तीच बळी पडू लागली, त्यामुळे वाण बदललं की सुटलो असं होत नाही. पण आपल्या सह्याद्रीच्या उतारांवर पावसाळ्यात रानभेंडी उगवते. तिच्याच जातकुळीतून बंगळूरला अर्का अनामिका हे वाण तयार झालं. केवड्याला टिकण्याचा तो गुण सात शिरांच्या भेंडीत यावा आणि तिची लांबी, तिचा रंग, तिची चव तशीच राहावी, असं काम कुणीतरी नेटानं करायला हवं असं मला मनापासून वाटतं.

बियाण्याचं पीक आता पावसात घ्यायचं ठरलं. मुसळधार सरींत माशी टिकत नाही. मे संपताच मळा मोकळा केला, एकही जुनं झाड उभं ठेवलं नाही. सुपातल्या शेंगा काकींनी चुलीवरच्या धुरात टांगल्या होत्या. जूनमध्ये त्या फोडून पेरल्या, कडेनं मक्याच्या दोन ओळी.

जुलैत उघडीप पडली तेव्हा मुलाचा फोटो आला. या वेळी पान सूर्यासमोर धरलेलं, स्थिर, सगळ्या शिरा दिसतील असं. खाली लिहिलं होतं, "आईनं धरलंय. हिरवं आहे ना?"

हिरवंच होतं. उत्तर न लिहिता मी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मळ्यात गेले.