शिआनच्या तटावरून एक फेरी

ऑक्टोबर महिना, सकाळचे सहा वाजलेले, आणि शिआनमध्ये अजून काळोख होता. चीनभर एकच वेळ चालते, बीजिंगची. शिआन तिथून बरंच पश्चिमेला, त्यामुळे इथे घड्याळ पुढे आणि सूर्य मागे. साताऱ्यात मी साडेपाचला यवतेश्वरच्या घाटाला लागते, त्या सवयीने जाग आलीच होती. हे म्हणाले, "अगं, तट आठला उघडतो. पड की जरा." पण पडून राहवेना.

शिआनला भोवताली अखंड तट आहे आणि त्यावरून पूर्ण फेरी मारता येते, हे कळल्यापासून मला ती धावायची होती. तयारी घरूनच केली. आपले नेहमीचे नकाशे तिथे चालत नाहीत, म्हणून तिथलंच नकाशाचं ॲप घेतलं. पैशांसाठी अलीपेला कार्ड जोडलं, कारण पाण्याच्या बाटलीपासून सगळं मोबाईलवरच चालतं. हे दोन्ही निघण्याआधी करून ठेवा. तिथे जाऊन करायला बसलात तर एक दिवस त्यातच जाईल.

आठ वाजेपर्यंतचा वेळ खंदकाकाठच्या बागेत गेला. तट आणि खंदक यांच्यामध्ये शहराभोवती ही बाग आहे, तिथे तिकीट नाही. उजाडता उजाडता ती भरून गेली. कुणी संथपणे हात फिरवत व्यायाम करत होतं, दोघंजण चाबकाच्या फटकाऱ्याने मोठे भोवरे फिरवत होते, एका चौथऱ्यावर चारपाच ज्येष्ठ मंडळी तिथल्या छिनच्यांग नाट्यातलं गाणं खड्या आवाजात म्हणत होती. एक आजोबा लांब दांड्याचा कुंचला पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं काढत होते. मी धावणं थांबवून बघत राहिले. प्रत्येक फटकारा सावकाश, शेवटी कुंचला उचलताना किंचित वळण. ओळीच्या शेवटाला येईतो वरची पहिली अक्षरं सुकून निघाली होती. ते पुन्हा वर गेले आणि नवी ओळ लिहायला लागले.

आठला दक्षिण दरवाज्यावर, म्हणजे योंगनिंगमनला, पोचलो. ५४ युआन तिकीट, आणि खिडकीवर पासपोर्ट मागितला. माझा पासपोर्ट हॉटेलच्या कपाटात. पाऊण तास गेला, तीन किलोमीटर जादा झाले. पासपोर्ट कमरेच्या पट्ट्यातच ठेवा.

जिना चढून वर आले आणि पहिल्यांदा जाणवली ती रुंदी. आपल्या किल्ल्यांच्या फांजीवरून जेमतेम दोन माणसं जातात. इथे वरचा रस्ताच १२ ते १४ मीटर रुंद, उंची १२ मीटर. मिंग घराण्याचा पहिला सम्राट चू युआनचांग याच्या काळात, १३७० च्या दशकात, हा तट उभा राहिला. सत्तेवर येण्याआधी त्याला एका सल्लागाराने सांगितलं होतं म्हणे: तट उंच बांध, धान्य भरपूर साठव, राजा म्हणवून घ्यायची घाई करू नकोस. आत सगळी ठोकून घट्ट केलेली माती आहे, तळाच्या थरात चुना आणि चिकट तांदळाची पेज मिसळलेली. बाहेरून विटा चढल्या त्या नंतर, १५६८ मध्ये.

ह्यांनी वरच भाड्याची सायकल घेतली, पाणी त्यांच्याकडे दिलं आणि आम्ही पूर्वेकडे निघालो. पूर्ण फेरी पावणेचौदा किलोमीटरच्या आसपास.

पहिल्या दोन किलोमीटरमध्येच डावा घोटा ओढायला लागला. पावसाचं पाणी शहराच्या बाजूला वाहून जावं म्हणून वरच्या विटांना आतल्या बाजूला हलका उतार दिला आहे, आणि मी आतल्या कडेने धावत होते. मधोमध आले तसा आराम पडला. विटाही सगळीकडे सारख्या नाहीत. काही पट्ट्यांत सांधे वर आलेले, तिथे पाऊल बघूनच टाकावं लागतं. पातळ तळाचे बूट इथे नकोत.

मग बुरूज मोजायला लागले. दर १२० मीटरवर तटाच्या बाहेर एक चौकोनी बुरूज निघतो, असे ९८ आहेत. अंतर असं का, ते एका बुरुजावर उभं राहून चर्यांमधून पाहिलं तेव्हा उमगलं. दोन बुरुजांवरच्या तिरंदाजांनी निम्मं निम्मं अंतर वाटून घ्यायचं, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी आलेला शत्रू दोन्हीकडून टप्प्यात. मीही तसंच केलं: एक बुरूज जोरात, एक सावकाश. अजिंक्यतारा कितीदा चढले असेन, पण बुरुजांमधलं अंतर पायांनी मोजावं असं कधी सुचलं नव्हतं.

पूर्वेचा छांगलमन मागे पडला. उत्तरेच्या बाजूला रेल्वे स्टेशन अगदी तटाला भिडून आहे. वर आम्ही, खालच्या कमानींतून बसगाड्या आणि बॅगा ओढणारी गर्दी. उत्तर दरवाज्यावर, आन्युआनमनला, पाणी प्यायला थांबले आणि मुख्य दरवाजा व बाहेरचा दरवाजा यांच्यामधला बंद चौक वरून पाहिला. बाहेरचा दरवाजा फोडून शत्रू आत आला की चहूबाजूंनी भिंती आणि वरून बाण. आपला गोमुखी दरवाजा वाट वळवून हेच साधतो, इथे सरळ पेटीत कोंडलं आहे. वायव्य कोपऱ्यात तिबेटी बौद्धांचं क्वांगरन मंदिर, १७०५ सालचं. त्याची छपरं वरून इतकी जवळ दिसतात की मी तिथे उगाचच जास्त वेळ काढला. पश्चिमेची बाजू मात्र दमवणारी गेली. ऊन वर आलं होतं आणि तटावर सावली नाही.

दुपारी एका खानावळीत यांगरौ पाओमो खाल्लं. जाड भाकरीसारखी पोळी आपणच बोटांनी बारीक कुस्करायची, मग ते वाडगं आत जातं आणि मटणाचा रस्सा घालून परत येतं. आमचे तुकडे मोठे राहिले होते. वाढणाऱ्या बाईंनी एक तुकडा उचलून, हरभऱ्याएवढा करून दाखवला.

संध्याकाळी दाययान पॅगोडाला गेलो. शाळेत आपण ज्यांना ह्युएन त्संग म्हणून शिकलो, त्यांनी भारतातून आणलेले ग्रंथ ठेवण्यासाठी ६५२ मध्ये तो बांधला. ते ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन या शहरात परतले. त्याआधी आपल्याकडे, दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात येऊन गेले होते, आणि इथली माणसं मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही, असं लिहून गेले. त्या आवारात उभी असताना मला भरून आलं.

पण एक गोष्ट खटकत होती. इतकं महत्त्वाचं मंदिर तटापासून चार किलोमीटर दूर का? तर थांग घराण्याच्या काळात ते शहराच्या आतच होतं. तेव्हाच्या छांगआनचा, म्हणजे जुन्या शिआनचा, घेर सुमारे ३६ किलोमीटर होता. मी सकाळी ज्याला सबंध शहर समजून फेरी घातली, ते त्या नगराच्या पोटातला एक तुकडा होता.

रात्री घड्याळातली फेरी मोबाईलवर उघडली. चीनमधले नकाशे उपग्रहाच्या खुणेपासून थोडे सरकवलेले असतात, त्यामुळे माझी रेघ तट सोडून शेजारच्या इमारतींवरून गेली होती. आकार मात्र बरोबर होता: तीन कोपरे काटकोनात, आणि नैर्ऋत्येचा गोल. मिंग काळात तट बांधताना तिथल्या जुन्या भिंतीचा गोलावा तसाच राहू दिला, असं सांगतात. धावताना मला तो कळलाही नव्हता. ह्यांना दाखवलं. ते म्हणाले, "सायकल वळवताना मला वाटलंच होतं, इथे ब्रेक लावावा लागला नाही."