तुम्ही विचारलंत म्हणून: वीसपर्यंत म्हणते, मग पाच का देत नाही?

"मुलगी तीन वर्षांची आहे. वीसपर्यंत आकडे धडाधड म्हणते. पण 'पाच ठोकळे दे' म्हटलं की मूठभर उचलून देते. लक्ष नसतं, की मुद्दाम करते?"

दोन्ही नाही. तिला 'पाच' अजून कळलेलाच नाही. वीसपर्यंतचे आकडे तिच्यासाठी सध्या गाण्यासारखे आहेत. खात्री करायची तर 'सातपासून पुढे म्हण' असं सांगून बघा. बहुतेक ती पुन्हा एकपासूनच सुरू करेल.

अर्थ एकेका आकड्याने येतो, आणि फार सावकाश. अडीच वर्षांच्या आसपास 'एक' कळतो. या टप्प्यावर एक मागितला तर मूल नेमका एकच देतं. दोन मागा, चार मागा, नऊ मागा, मूठभरच मिळतात. काही महिन्यांनी 'दोन' पक्का होतो, मग 'तीन', कधी 'चार'. त्यानंतर मात्र उडी असते. मोजताना शेवटी आलेला आकडा म्हणजेच एकूण, हे मुलाला उमगतं आणि पाच, सहा, सात वेगवेगळे शिकावे लागत नाहीत. ही उडी बरीच मुलं साडेतीन ते चार वर्षांच्या सुमारास घेतात. 'एक'पासून इथवर साधारण वर्ष जातं. मानसशास्त्रज्ञ कॅरन विन यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हा क्रम नीट मांडला.

उडी 'तीन', 'चार' या आकड्यांनंतरच का? तीनपर्यंतच्या वस्तू न मोजता एका नजरेत कळतात. त्यापुढे मेंदू फक्त अंदाज बांधतो. सहा महिन्यांच्या बाळाला ८ ठिपके आणि १६ ठिपके यांतला फरक कळतो, ८ आणि १२ यांतला कळत नाही. नेमके पाच, ना कमी ना जास्त, हे नजरही सांगत नाही आणि अंदाजही. ते मोजण्यातूनच येतं.

तुमची मुलगी कुठे आहे ते दहा मिनिटांत कळेल. तोंडात जाणार नाहीत एवढे मोठे, एकसारखे दहा-पंधरा ठोकळे भांड्यात ठेवा, शेजारी रिकामं ताट. 'ताटात एक ठेव', मग 'तीन ठेव', मग 'दोन'. क्रमाने मागू नका. दर वेळी ठोकळे भांड्यात परत टाका. एक आकडा तीनदा मागितल्यावर दोनदा बरोबर आला आणि इतर आकडे मागताना ती तेवढेच ठोकळे देत सुटली नाही, तर तो आकडा तिला आला असं धरा.

इथे मोठी माणसं हमखास एक घोळ घालतात. मूल पाच ठोकळे नीट मोजतं: 'एक, दोन, तीन, चार, पाच'. आपण विचारतो, 'मग किती आहेत?' ते पुन्हा एकपासून मोजतं. आपण परत विचारतो, ते परत मोजतं, आणि आता त्याला वाटतं की आपलं चुकतंय. त्याच्या लेखी 'किती?' म्हणजे 'मोजून दाखव'. हा प्रश्न दहा वेळा विचारून काही हाती लागत नाही. त्यापेक्षा आधी एकूण सांगा, मग मोजा: 'हे तीन ठोकळे. एक, दोन, तीन. तीन ठोकळे.' तिला येणाऱ्या आकड्याच्या पुढच्याच आकड्यावर काम करा. 'दोन' येत असेल तर आठवडाभर 'तीन'. पन्नासपर्यंतची घोकंपट्टी पाहुण्यांसमोर छान दिसते, एवढंच.

मोजताना बोट जिभेच्या पुढे पळतं, किंवा ठोकळे गोलात मांडलेले असले तर पहिलाच पुन्हा मोजला जातो. मोजलेला ठोकळा दुसऱ्या बाजूला सरकवायला लावा, दोन्ही चुका बऱ्याच कमी होतात. जीभ आणि हात यांचा मेळ बसायला वेळ लागतो. त्यावरून टोकू नका.

आणि उडी घेतल्यावरही एक गंमत राहते. पाच-पाच ठोकळ्यांच्या दोन सारख्या रांगा मांडा, तिच्यादेखत एका रांगेतलं अंतर वाढवा. चार वर्षांची मुलगी बहुधा लांब रांगेकडे बोट दाखवून 'यात जास्त' म्हणेल, अगदी दोन्ही रांगा मोजून झाल्यावरसुद्धा. हे साधारण सहा-सात वर्षांपर्यंत चालतं. समजावत बसायची गरज नाही.