परत पाठवलेली बाटली

ती बाटली मी परत पाठवली होती, हे आधीच कबूल करून टाकतो. नाहीतर पुढचं वाचताना तुम्हाला वाटेल की या माणसाला बिअरमधलं बरंच कळतं. त्या संध्याकाळपर्यंत मलाही तसंच वाटत होतं.

ब्रसेल्समधला पहिला दिवस. नोव्हेंबर संपत आलेला, साडेचारलाच अंधारून आलेलं. पाऊस असा, की छत्री उघडायची लाज वाटावी आणि न उघडली तर तासाभरात बनियनपर्यंत भिजावं. ग्रँड प्लास या मुख्य चौकाच्या मागच्या एका गल्लीत आम्ही आडोशाला म्हणून एका जुन्या बारमध्ये शिरलो. लाकडी बाकं, डाग पडलेले आरसे, भिंतींना वर्षानुवर्षांच्या धुराने आलेला चहाचा रंग. सोबत ताई होती. माझी आत्तेबहीण, लायडनला तीस वर्षं राहते आणि आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवलेली नाही. तिने गरम चॉकलेट मागवलं. मी यादी उलटीसुलटी करून, जे नाव उच्चारता येत नाही तेच चांगलं असणार या हिशोबाने, ग्यूझ मागवली. ओक लाकडाच्या पिंपात मुरवलेली, असं खाली बारीक अक्षरात होतं. म्हटलं, व्वा.

वेटर साठीचा, पांढरा एप्रन, चेहरा इस्त्री केल्यासारखा. बाटली त्याने वेताच्या छोट्या टोपलीत आडवी निजवून आणली. शॅम्पेनसारखं बूच काढलं आणि बाटली उभी न करता, टोपलीसकट तिरकी करत, ग्लासात अगदी सावकाश ओतली. तळाचा गाळ हलू नये म्हणून तसं करतात, हे पुढे कळलं. तेव्हा मला ती नाटकं वाटली.

ग्लास नाकाशी नेला आणि तिथेच ठेच लागली. पावसात भिजलेल्या कडब्याचा वास, त्यात लिंबाची साल, त्यात बरेच दिवस न उघडलेली खोली. घोट घेतला तर दात आंबले. हे अलंकारिक लिहीत नाहीये. कच्ची कैरी मिठाशिवाय चावल्यावर जसे शिवशिवतात तसे. गोडवा नावाला नाही, बिअरचा ओळखीचा कडवटपणाही जवळपास नाही.

"ताई, नासलीये ही."

"मग सांग की त्याला. पैसे मोजतोयस ना?"

मी हात वर केला. माझ्या मोडक्या फ्रेंचमध्ये आणि पुष्कळशा हातवाऱ्यांमध्ये त्याला सांगितलं, की ही खराब झाली आहे, घेऊन जा. त्याने बूच उचलून हुंगलं. आतून एक कोरा ग्लास आणला, बोटभर ओतून घेतली, तोंडात घोळवून गिळली आणि म्हणाला, "नाँ, मस्यो. से कॉम सा." ही अशीच असते. मी हट्टाला पेटलो होतो. आसपासची दोन-तीन माणसं बघायला लागली, की माझा आवाज आपोआप चढतो, हा माझा जुना दोष. तो काही न बोलता बाटली घेऊन गेला आणि एक सोनेरी, गोडसर बिअर आणून ठेवली. बिलात दोन्ही लावल्या. रात्री हॉटेलच्या खोलीत ओले मोजे हीटरवर वाळत घालून मी त्या बारला इंटरनेटवर एक तारा दिला: कळकट जागा, शिळी बिअर, उद्धट नोकर. तिन्ही गोष्टी चूक होत्या.

पुढचे दोन दिवस ब्रूज आणि गेंटमध्ये गेले. ब्रूज सुंदर आहे आणि तिथल्या प्रत्येक पुलावर फोटोसाठी रांग आहे. याहून जास्त काही आठवत नाही.

परतीच्या गाडीत ताई फोनवर काहीतरी वाचत होती. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली, "अरे, तू परत पाठवलीस ना, ती आंबटच असते म्हणे. मुद्दाम करतात तशी. तीन-तीन वर्षं ठेवतात."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

"बघायला मिळतं. जायचं का?"

"तू पीत नाहीस."

"बघायला काय हरकत आहे?"

तर शनिवारी सकाळी आम्ही ब्रसेल्सच्याच अँडरलेख्ट भागात. मिदी स्टेशनपासून चालत दहा-पंधरा मिनिटं. शेजारीच जुन्या कत्तलखान्याच्या आवारात आठवडी बाजार भरतो. पुदिन्याच्या जुड्या आणि डाळिंबांच्या पेट्या घेतलेली माणसं त्या बाजूने येत होती. ताईला तिथेच रमायचं होतं, तिला ओढून आणावं लागलं. काँतियाँ ही ब्रूअरी एका साध्यासुध्या गल्लीत आहे आणि बाहेरून गोदामासारखी दिसते. 1900 साली सुरू झाली, अजून त्याच कुटुंबाच्या हातात आहे, आणि 1978 पासून ग्यूझचं संग्रहालय म्हणूनही उघडी आहे. संग्रहालय म्हटल्यावर मी काचेची कपाटं धरून चाललो होतो. तसं काही नाही. तेच पिंप, तेच काम, आपण फक्त मधून चालायचं. हातात एक माहितीपत्रक देतात आणि सोडून देतात.

खाली सातूचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेला सातू, आणि कच्चा गहू गरम पाण्यात कालवतात. साधारण दोन भाग सातू, एक भाग गहू. वरच्या मजल्यावर तो रस हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, घालून तीन-चार तास उकळतात. हॉप्सही ताजे नाहीत, दोन-तीन वर्षं ठेवून मुद्दाम जुने केलेले. त्यांचा कडवटपणा आणि सुवास जाऊ द्यायचा असतो. नको ते जंतू रोखण्याचा गुण मात्र हवा असतो.

त्याच्याही वर, माळ्यावर, ते तांब्याचं भांडं. भांडं तरी कसं म्हणू? अख्ख्या खोलीएवढी लालसर परात, उथळ, कडेला खिळ्यांच्या रांगा. उकळता रस रात्री यात ओततात, भिंतीतल्या झडपा उघडतात आणि निघून जातात. रात्रभर बाहेरची थंड हवा त्यावरून फिरते आणि हवेत, छपरात, लाकडात जे काही बसलेलं आहे ते त्यात उतरतं. सकाळी तो निवलेला रस पिंपांत भरायचा. यीस्ट म्हणून कोणी काही घालत नाही.

ताई पत्रक दोनदा वाचून माझ्याकडे वळली. "मग विरजण कोण लावतं?"

"कोणीच नाही."

"असं कसं? आणि नाही लागलं तर?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. त्याचं उत्तर असं, की म्हणून तर हे काम ऑक्टोबरच्या अखेरीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतच करतात. उन्हाळ्यात रस रात्रभरात निवत नाही आणि हवेत भलतेच पाहुणे जास्त असतात. हिवाळे उबदार व्हायला लागल्यापासून हाताशी येणाऱ्या रात्री कमी होत चालल्या आहेत, ही या लोकांची खरी काळजी. इथल्या सेन नदीच्या खोऱ्यातली हवाच या बिअरला लागते, असं पिढ्यानपिढ्या सांगतात. ती नदी बघायची इच्छा असेल तर सोडून द्या. 1867 ते 1871 या काळात शहराच्या मध्यातून वाहणारी सेन झाकून टाकली आणि वर रुंद रस्ते केले.

आणि जळमटं! कोपऱ्याकोपऱ्यात, तुळयांना, पिंपांच्या मधे. ताईचा हात केरसुणीसाठी नुसता शिवशिवत होता. पण इथे कोळी मारायचा नाही, जाळं काढायचं नाही असा नियमच आहे. गोड रस आणि फळं म्हटल्यावर चिलटं येणार, आणि त्यांचा बंदोबस्त कोळी करतात.

पिंपांच्या खोलीत आम्ही किती वेळ होतो ते मला सांगता येणार नाही. तिथे दिवे मंद, जमीन ओलसर, दोन्ही बाजूंना एकावर एक पिंपं, तोंडावर खडूने आकडे आणि अक्षरं. बरीचशी पिंपं पूर्वी वाइन किंवा कोन्याक मुरवलेली. बहुतेक गप्प होती. पण एका ओळीतली चार-पाच नुकतीच भरलेली असावीत. त्यांच्या पोटावरचं भोक उघडंच होतं आणि त्यातून तपकिरी-पांढरा फेस हळूहळू वर येत होता. वर यायचा, फुगा धरायचा, फुटायचा आणि पिंपाच्या फुगीर अंगावरून ओघळायचा. आधीचे ओघळ वाळून त्यांच्या खपल्या झाल्या होत्या. खाली बूट चिकटत होते.

ताई वाकली. हात मागे बांधून, कान जवळ नेऊन. मलाही खुणेने बोलावलं. आतून बारीक, एकसारखा चर्रर्र आवाज येत होता.

"तोंड उघडं ठेवलंय ते बरं केलं," ती म्हणाली. "नाहीतर फुटलं असतं."

हे पत्रकात होतं, पण आम्ही अजून त्या पानावर पोचलो नव्हतो. तिला ते लोणच्याच्या बरणीवरून माहीत होतं. पहिला जोर ओसरला, की काही आठवड्यांनी भोक बंद करतात. मग आत पाळीपाळीने एकेक जमात राबते. सुरुवातीला आतड्यातल्या जंतूंच्या भावकीतले काही, मग नेहमीचं यीस्ट, मग आंबटपणा आणणारे जिवाणू. ते कधीकधी बिअरला पाकासारखी तार आणतात, तिला चक्क आजारी पडली म्हणतात. शेवटी येतं ब्रेटानोमायसिस. सावकाश खाणारं यीस्ट. ती तार तेच संपवतं आणि माझ्या ग्लासातला भिजल्या कडब्याचा वास तेच आणतं. 1904 मध्ये कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत क्लाउसेनने ते जुन्या इंग्रजी बिअरमध्ये ओळखलं, म्हणून त्याच्या नावात ब्रिटन आहे. त्याच्या एका जातीच्या नावात मात्र ब्रसेल्स आहे.

ताईने डोळे मिटून वास घेतला. "हे नासलेलं नाही रे. मुरतंय."

मी म्हणालो, वास तर तोच आहे. ती म्हणाली, तुझ्या आईने कधी तुला लोणच्याच्या बरणीजवळ फिरकू दिलं असतं तर कळलं असतं. वादाला जागा नव्हती. लहानपणी ओला हात घालून अख्खी बरणी बुरशीला घालवण्याचा पराक्रम माझ्याच नावावर आहे.

शेवटी चाखायची खोली. तिथे अर्धे लोक बाटल्यांचे फोटो काढत होते आणि उरलेले फोनमध्ये गुण भरत होते. माझ्या शेजारच्या माणसाने घोट घ्यायच्या आधीच साडेचार दिलेले मी पाहिले. पण एक तारा देणाऱ्याने कोणाला काय बोलावं?

आधी एका पिंपातलं साधं लाम्बिक आलं, म्हणजे अशी हवेवर आंबलेली, अजून कशात न मिसळलेली बिअर. फेस नाही, बुडबुडा नाही, फिकट वाइनसारखं दिसणारं. पुन्हा दात आंबले, पण या वेळी मला ते अपेक्षित होतं आणि आंबणार म्हणून बसल्यावर आंबणं तेवढं वाईट लागत नाही. मग ग्यूझ. एक, दोन आणि तीन वर्षांची लाम्बिकं चाखून एकत्र करतात आणि बाटलीत भरतात. कोवळ्या लाम्बिकात शिल्लक असलेली साखर जुन्यातली यीस्टं बाटलीत संपवतात, त्यातून तो गॅस येतो. पहिल्या घोटाला लिंबू. दुसऱ्याला हिरवं सफरचंद आणि कडबा. तिसरा घोट मी मुद्दाम तोंडात धरून ठेवला तेव्हा आंबटपणाच्या मागून लाकूड आलं, ओल्या पाटाचं असतं तसं, आणि गिळल्यावर जीभ अशी कोरडी झाली की चौथा घ्यावाच लागला. गोडाला चटावलेल्या माणसाला ही बिअर काहीच देत नाही. खूप आवडली का? खरं सांगायचं तर चाळीस टक्के. पण ग्लास रिकामा झाला होता आणि तो मीच केला होता.

क्रीक मात्र सरळ आवडली. आंबट चेरी लिटरमागे साधारण 200 ग्रॅम, पिंपातल्या लाम्बिकात महिनोन्‌महिने. रंग कोकमाच्या आगळासारखा आणि गोड मुळीच नाही. बाहेर क्रीक म्हणून जे पाकासारखं मिळतं ते पिऊन कोणी मत बनवलं असेल तर ते बाजूला ठेवावं. ताईने तिन्ही ग्लास क्रमाने हुंगले, एकही ओठाला लावला नाही, आणि मधल्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हा चांगला मुरलाय."

बाहेर पडल्यावर पहिल्यांदा तो एक तारा पुसला. मग ठरवलं, की संध्याकाळी त्या बारमध्ये जायचं, त्याच म्हाताऱ्याकडून तीच बाटली मागवायची, आणि संपवायची. माफीचं फ्रेंच वाक्यसुद्धा पाठ केलं. ताईने चारदा उच्चार सुधारून दिला.

तो नव्हता. शनिवारी त्याची सुट्टी. विशीतली एक मुलगी आली. मी ग्यूझ म्हटल्यावर तिने लिहिता लिहिता हात थांबवला आणि इंग्रजीत अगदी काळजीने विचारलं, "आंबट असते हं. आधी प्यायला आहात का कधी?"

मी "हो" म्हणालो. ताई गरम चॉकलेटच्या कपात तोंड घालून हसत होती.