तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा बेटावर एवढे खून, मग लोक राहतात कसे?

वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादला आम्ही बरीच वर्षं काढली हे कळलं की वडीलधाऱ्यांना आधी १९७१ आठवतं. राजधानी पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर गावसकरांनी पदार्पण केलं, आणि मालिकेच्या शेवटी त्याच मैदानावर १२४ आणि २२० काढले. तो विषय झाला की हल्ली दुसरा प्रश्न येतोच: "तिथे म्हणे रोज कुणी ना कुणी मारलं जातं. एवढ्याशा देशात एवढे खून, मग लोक राहतात कसे? तुम्हाला भीती नाही वाटायची?"

भीती वाटायची. पण माझी भीती आणि माझ्या वर्गातल्या मुलांची भीती या दोन निराळ्या गोष्टी होत्या. यजमान पॉइंट लिसासच्या एका कारखान्यात होते, आमचं घर शग्वानासला, आणि मी पोर्ट ऑफ स्पेनच्या पूर्वेकडच्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवायचे. शाळा सुटली की मी गाडीत बसून निघून यायचे. मुलं तिथेच राहायची. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर ते त्यांच्या बाजूने द्यायला हवं.

आधी आकार डोळ्यांपुढे आणा. त्रिनिदाद आणि टोबॅगो मिळून लोकसंख्या साधारण १४ लाख, म्हणजे आपल्या गोव्याएवढी. २०२४ मध्ये त्या देशात सव्वासहाशेच्या आसपास खून झाले. महाराष्ट्रात २०२२ साली नोंदलेले खून होते २,२९५, आणि आपली लोकसंख्या त्यांच्या जवळजवळ नव्वद पट आहे. त्यांच्या प्रमाणात आपल्याकडे खून झाले असते तर वर्षाचा आकडा छप्पन्न हजारांवर गेला असता. मेलेल्यांत बहुतेक पुरुष, त्यांत तरुणांचा भरणा मोठा, आणि बहुतेकांना लागलेली असते ती बंदुकीची गोळी.

हे पूर्वापार असंच होतं असं समजू नका. १९९९ मध्ये तिथे वर्षाला शंभरही खून होत नव्हते. २००५ मध्ये ते ३८६ झाले, २००८ मध्ये साडेपाचशेच्या घरात गेले. माझ्या वर्गातली मुलं या चढत्या आकड्यांबरोबरच मोठी झाली होती. तिथल्या वर्तमानपत्रांत खुनाच्या बातमीखाली एक ओळ हमखास असते: आजवरचे खून इतके, गेल्या वर्षी याच तारखेपर्यंत इतके. स्टाफरूममध्ये ती ओळ कुणीतरी मोठ्याने वाचायचं आणि मग चहा ओतला जायचा. मला सुरुवातीला हे फार क्रूर वाटे. पुढे कळलं की नाव वाचायच्या आधी आकडा वाचणं ही त्या माणसांची सवय होती, कारण नाव बहुधा ओळखीचं निघायचं.

लहान देशाचं दुखणं इथे आहे. मुंबईत कुणाचा खून झाला तर ती माझ्यासाठी बातमी असते. त्या बेटावर मेलेला मुलगा कुणाच्या तरी आत्याचा नातू असतो, आणि ज्याच्यावर संशय आहे तो त्याच आत्याच्या शेजारचा. माझ्या एका सहकारी बाईंनी दोघांनाही शिकवलं होतं, ज्याला मारलं त्यालाही आणि ज्याला पकडलं त्यालाही, एकाच इयत्तेत. दोन्ही घरी त्या भेटून आल्या. दुसऱ्या घरी जायला जास्त धैर्य लागलं असणार, असं मला आजही वाटतं.

बेट लहान असल्याचा आणखी एक परिणाम लोकांच्या लक्षात येत नाही. साक्ष देणाऱ्याला लपवायचं कुठे? आपल्याकडे माणूस नांदेडहून उठून नाशिकला गेला तर हरवून जाऊ शकतो. तिथे गाडीने निघालं की दोन-अडीच तासांत देशाचं टोक येतं, आणि त्या टोकालाही तुमच्या मावशीला ओळखणारं कुणी भेटतं. म्हणून डोळ्यांदेखत गोळीबार झाला तरी "काही पाहिलं नाही" हेच उत्तर मिळतं. बहुसंख्य खुनांचा छडाच लागत नाही. ज्याच्या भावाला मारलं त्याला मारेकरी ठाऊक असतो, रोज दिसतो, आणि कोर्ट काही करणार नाही हेही ठाऊक असतं. पुढचा खून तिथेच ठरतो.

माझ्या फॉर्म थ्रीच्या, म्हणजे माध्यमिक शाळेच्या तिसऱ्या वर्षाच्या, वर्गात एक मुलगा रोज उशिरा यायचा. घर शाळेपासून चालत दहा मिनिटांवर. मी रागावले तेव्हा त्याने खाली बघत सांगितलं, "मिस, तो रस्ता मला ओलांडता येत नाही." रस्त्याच्या पलीकडे दुसऱ्या टोळीची हद्द होती. तो स्वतः कुठल्याच टोळीत नव्हता, पण अमुक गल्लीत राहतो एवढं पुरेसं होतं. त्यामुळे तो एक मॅक्सी-टॅक्सी (वाटेत प्रवासी घेणारी छोटी बस) पकडून खाली शहरात जायचा आणि दुसरी पकडून वळसा घालून शाळेत यायचा. रोजचं चार वेळचं भाडं त्याची आजी धुणीभांडी करून भरायची. अशी मुलं जानेवारी २०१६ नंतर आणखी वाढली. त्या महिन्यात लाव्हेंटिलमधल्या शाळेतून घरी निघालेल्या दोन विद्यार्थ्यांना टॅक्सीतून बाहेर ओढून गोळ्या घातल्या गेल्या. दोघंही गणवेशात होते. तोवर आयांना वाटायचं की शाळेचा गणवेश अंगात असला की पोराला कुणी हात लावणार नाही. त्यानंतर कित्येक घरांतून मुलं शाळेत यायचीच बंद झाली, आणि हजेरीपटावर नुसतं 'गैरहजर' लिहिलं गेलं.

लाव्हेंटिल म्हणजे पोर्ट ऑफ स्पेनच्या डोक्यावरची टेकड्यांची वस्ती. स्टीलपॅन हे वाद्य, तेलाच्या पिंपातून सूर काढणारं, याच भागातल्या गरीब पोरांनी घडवलं आणि जगाला दिलं. डेस्परॅडोज हा तिथला नामांकित वाद्यवृंद. हिंसाचारापायी त्यांना टेकडीवरची सरावाची जागा सोडून खाली शहरात यावं लागलं. वाचताना हे किरकोळ वाटेल, पण पॅनयार्ड, म्हणजे ही सरावाची जागा, त्या वस्तीतली अशी एक जागा, जिथे चौदा वर्षांचा मुलगा आणि साठ वर्षांचा गृहस्थ रोज रात्री शेजारी उभे राहून एकच गत घोटायचे. तिथे पोराला दम भरायला वडीलधारं माणूस हाताशी असायचं. ती जागा उठली की संध्याकाळी पोरं जाणार कुठे?

"गरिबीमुळे होतं का हे?" असंही विचारतात. एवढं सरळ नाही ते. तेल, नैसर्गिक वायू, अमोनिया, मिथेनॉल विकणारा हा देश कॅरिबियनमधल्या श्रीमंत देशांत मोडतो. पैसा होता, आणि घात पैसा वाटण्याच्या पद्धतीने झाला असं माझं मत आहे. ऐंशीच्या दशकात तेलाचे भाव कोसळले, बेकारी वाढली, आणि शहराच्या पूर्वेकडच्या वस्त्यांना सरकारने हाताशी धरलं ते आपल्या रोजगार हमीसारख्या कामांतून, रस्त्याकडेचं गवत काढायचं, गटारं साफ करायची. या कामांची कंत्राटं कोण घेणार यावरून टोळ्या जुंपल्या. हजेरीपटावर खोटी नावं, पगार टोळीच्या म्होरक्याच्या खिशात. २००६ मध्ये पंतप्रधान पॅट्रिक मॅनिंग टोळ्यांच्या म्होरक्यांना 'समाजाचे पुढारी' म्हणून हॉटेलात भेटले. पुढे दुसऱ्या पक्षाच्या सरकारने वाट चुकू शकणाऱ्या तरुणांसाठी लाइफस्पोर्ट नावाची क्रीडा योजना काढली, तिच्यातला गैरव्यवहार २०१४ च्या लेखापरीक्षणात उघडा पडला आणि ती गुंडाळावी लागली. दोन्ही पक्षांनी हेच केलं. वस्तीतल्या सोळा वर्षांच्या पोराला त्यातून दिसलं एवढंच, की सरकारचा पैसा ज्याच्या हातून येतो त्याच्या कमरेला पिस्तूल असतं.

आणि ते पिस्तूल त्या देशात बनत नाही. व्हेनेझुएलाचा किनारा सर्वांत जवळच्या ठिकाणी जेमतेम अकरा किलोमीटरवर आहे, कोकेन त्या वाटेने येतं आणि पुढे युरोप-अमेरिकेला जातं. बंदुका मोठ्या प्रमाणात उलट दिशेने, अमेरिकेतून, मालाच्या खोक्यांत येतात. २०२१ मध्ये पियार्को विमानतळावर मुष्टियुद्धाच्या सरावाच्या पिशव्या तपासल्या तेव्हा आत पिस्तुलं आणि रायफलींचे भाग सापडले. माल फ्लोरिडाहून आला होता. पुण्यात कोयते घेऊन फिरणाऱ्या अल्पवयीन पोरांच्या बातम्या वाचते तेव्हा मला त्रिनिदादच आठवतं. राग तोच, वय तेच, मोठ्यांनी वापरून घेणं तेच. कोयतेवाल्याला निदान समोर यावं लागतं, आणि त्याने गाठलेला मुलगा कधीकधी वाचतोही. चालत्या गाडीतून पंधरा-वीस गोळ्या झाडणारं पिस्तूल मिळालं की फाटकात खेळणारं लहान पोरसुद्धा मरतं.

आता जे बोलायला मला अवघड जातं ते. या देशातली पस्तीस टक्क्यांच्या आसपास माणसं भारतीय वंशाची आहेत. १८४५ पासून उसाच्या मळ्यांवर करारावर आणलेल्या मजुरांची ही पणतवंडं, बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशाकडची. त्यांनी आम्हाला फार माया दिली, दिवाळीला पंगतीला बसवलं. पण त्याच दिवाणखान्यांत मी अनेकदा ऐकलं: "ते त्यांचं आपापसातलं आहे. टोळीतलाच असणार." मरणारी मुलं बव्हंशी आफ्रिकी वंशाची आणि एका ठरावीक पट्ट्यातली, म्हणून उरलेल्या देशाने दुःख वाटून घ्यायचं नाकारलं. २००० नंतरच्या काही वर्षांत खंडणीसाठी अपहरणं सुरू झाली, भारतीय वंशाच्या व्यापारी घरांतली माणसं उचलली गेली, तेव्हा तोच पट्टा म्हणाला, आता कळलं का? दोन्ही बाजूंचे पक्ष यावर मतं मागत राहिले. मला विचाराल तर सव्वासहाशे मृत्यूंनी त्या समाजाचं जेवढं नुकसान केलं, तेवढंच "टोळीतलाच असणार" या चार-चौघांत सहज बोलल्या जाणाऱ्या वाक्याने केलं. मुलगा टोळीतला असला तरी तो पंधराव्या वर्षी तिथे कसा पोचला, हे विचारायची सोयच ते वाक्य ठेवत नाही. अकराव्या-बाराव्या वर्षी एका परीक्षेवर ठरतं की पोर नावाजलेल्या शाळेत जाणार की माझ्यासारख्या शाळेत. आमच्याकडे येणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी कळलेलं असायचं की देशाने त्याच्यावर फुली मारली आहे. त्याला बेरीज-वजाबाकीपासून शिकवताना माझा निम्मा वेळ ती फुली पुसण्यात जायचा, आणि सगळ्यांची पुसली गेली नाही.

"फाशी द्या ना सरळ," असं म्हणणारे इथेही भेटतात, तिथेही भेटायचे. खुनाला फाशी तिथल्या कायद्यात आजही आहे. जून १९९९ मध्ये एका कुख्यात टोळीच्या नऊ जणांना तीन-चार दिवसांत फासावर चढवलं होतं. वर दिलेले आकडे पुन्हा पाहा, चढण त्याच्या नंतरची आहे. आणीबाणीचंही तसंच. २०११ मध्ये ऑगस्ट ते डिसेंबर आणीबाणी आणि संचारबंदी होती, त्या वर्षी खून साडेतीनशेच्या आसपास आले, आणि दोन वर्षांत पुन्हा चारशेच्या वर गेले. २०२४ च्या ३० डिसेंबरला परत आणीबाणी लागली, २०२५ मध्येही लागली, आणि त्या वर्षी खून बरेच कमी झाले. जी मुलं वाचली ती वाचली, त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण पोरांना कोंडून ठेवता येतं तोवरच हा उपाय चालतो.

लागू पडलेला दुसरा एक उपाय मी जवळून पाहिला आहे. २०१५ ते २०१७ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनच्या काही वस्त्यांत प्रोजेक्ट रीझन नावाचं काम चाललं. वस्तीतलीच माणसं, काही पूर्वी टोळीत असलेली, पगारावर मध्यस्थ म्हणून नेमली. कुणाचा अपमान झाला, कुणाची मैत्रीण दुसऱ्याबरोबर दिसली, कुणाचे पैसे अडकले, अशी कुणकुण लागली की ही माणसं त्याच रात्री दोन्ही घरी जायची. गोळी सुटली असेल तर इस्पितळात जखमी मुलाच्या उशाशी जाऊन बसायची, म्हणजे त्याचे मित्र तिथूनच सूड घ्यायला निघू नयेत. नंतर संशोधकांनी तुलना केली तेव्हा त्या भागातली हिंसक गुन्हेगारी, हे काम झालं नसतं तर जेवढी असती त्याहून सुमारे ४५ टक्क्यांनी कमी निघाली. ज्या कर्जाऊ निधीवर ते चालत होतं तो संपला आणि काम थांबलं. २०१९ मध्ये खून ५३९ झाले.

म्हणून लोक तिथे कसे राहतात याचं माझं उत्तर असं: वळसा घालून, लवकर दार लावून, आणि एकमेकांना भेटायला जाऊन. त्या सरकारने ऐकावं एवढी माझी पोच नाही, तरी विचारलंत म्हणून सांगते. मध्यस्थांचे पगार पोलिसांच्या पगारासारखे अर्थसंकल्पात कायमचे धरावेत, प्रत्येक निवडणुकीनंतर नव्याने मागायला लावू नयेत. बंदरावर आणि विमानतळावर येणारं प्रत्येक खोकं क्ष-किरणाखालून जावं. आणि माझ्यासारख्या शाळांत चांगले शिक्षक आधी पाठवावेत, नावाजलेल्या शाळांत नंतर. तो वळसा घालून येणारा मुलगा गणितात पास झाला. आता टोबॅगोत वीजजोडणीचं काम करतो आणि आजीला त्याने तिकडेच नेलं आहे.