आमची वाटचाल : शुल्क शून्य, कागद पक्का

आमच्या फर्मची सुरुवात इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट अशा सीमाशुल्काच्या साध्या कागदपत्रांपासून झाली. प्रादेशिक व्यापार करार वाढत गेले, तसं काम सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनकडे, म्हणजे माल कुठल्या देशात तयार झाला याच्या दाखल्याकडे, वळलं. आज मुख्य काम तेच. देश अशा कराराच्या गटात सामील झाला म्हणजे सगळ्याच मालाचं शुल्क गेलं, असा ग्राहकांचा समज असतो. सवलत मिळते ती गटात तयार झालेल्या मालाला, आणि ते सिद्ध करावं लागतं.

सगळ्यात आधी आम्ही दोन दरांतला फरक बघतो. सर्वसाधारण शुल्क 5 टक्के आणि गटासाठी शून्य असेल तर दाखल्याचा खर्च त्या 5 टक्क्यांत बसला पाहिजे. माहिती तंत्रज्ञानाच्या 1996 च्या करारामुळे संगणकासारख्या मालावर सदस्य देशांत तसंही शुल्क नाही. असं काम आम्ही घेतच नाही.

मग एचएस कोडचे, म्हणजे जगभर मालाची वर्गवारी ज्याने होते त्या क्रमांकाचे, सहा अंक. कोडांची यादी 2017 मध्ये बदलली, 2022 मध्ये पुन्हा बदलली. करार मात्र बरेचदा जुन्याच यादीवर चालतो. दाखल्यावर एक कोड आणि बिलावर दुसरा, इथेच फायली अडकतात.

खरी कसरत कॉस्टिंगची. आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या गटाच्या माल-व्यापार कराराचा सर्वसाधारण नियम असा : एफओबी किमतीच्या (माल जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीच्या) किमान 40 टक्के मूल्य गटातलं हवं, नाहीतर बाहेरून आणलेल्या कच्च्या मालाचा चार अंकी कोड तयार मालात बदललेला हवा. किंमत 100, बाहेरचा कच्चा माल 58, तर गटातलं मूल्य 42, चाललं. कच्चा माल महागून 62 झाला की 38, आणि सवलत गेली. कारखान्यात काहीच बदललेलं नसतं, फक्त विनिमय दर हललेला असतो. म्हणून 45 च्या खाली आकडा दिसला की आम्ही दुसऱ्या, कोडबदलाच्या नियमावर जातो.

ब्रिटन बाहेर पडल्यावर हेच उलट्या बाजूने दिसलं. 2021 पासून युरोपीय संघाशी शून्य शुल्काचा करार आहे, तरी आशियातून ब्रिटनमध्ये आणून जसाच्या तसा युरोपात पाठवलेला माल शुल्क भरतो. आधी दोघे एकाच सीमाशुल्क संघात होते. बाहेरच्या मालावर शुल्क एकदा भरलं की आत दाखला लागत नसे.

गटात गेल्याने व्यापार वाढतो तसा वळतोही. 1973 मध्ये ब्रिटन युरोपीय समुदायात गेला आणि न्यूझीलंडच्या स्वस्त लोण्याला खास कोटा मागायची वेळ आली. ग्राहक गटातला महाग पुरवठादार निवडतो तेव्हा शुल्क वाचतं, पण किंमत चढते. दोन्हींची बेरीज मांडल्याशिवाय आम्ही पुरवठादार बदलायला सांगत नाही.

पहिल्या भेटीला कॉस्टिंग शीट, कच्च्या मालाची बिलं आणि पुरवठादारांची ओरिजिन घोषणापत्रं आणा. माल तिसऱ्या देशातल्या बंदरातून जाणार असेल तर संपूर्ण मार्गाचं बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) हेही लागेल.