आमची वाटचाल : पोनीच्या अंगाचा रंग

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये आमचं छोटं वर्कशॉप आहे. काम एकच : ‘माय लिटल पोनी’ या खेळण्यातल्या घोड्याच्या अंगाचा रंग बदलून तो ‘कस्टम’साठी, म्हणजे आपल्या मनासारखं नवं रूप द्यायला, तयार करून द्यायचा. केस लावणं, डोळे आणि अंगावरचं चित्र रंगवणं हे गिऱ्हाईक हौसेनं करतं. आमच्याकडून त्याला हवं असतं ते डाग-ओघळ नसलेलं, एकसारख्या रंगाचं अंग.

हॅस्ब्रो या अमेरिकन खेळणी कंपनीने ही खेळणी १९८२ साली बाजारात आणली. त्या जुन्या पोनींचं अंग मऊ, पोकळ व्हिनाइलचं, म्हणजे पीव्हीसीत प्लॅस्टिसायझर (प्लॅस्टिक मऊ ठेवणारं रसायन) मिसळून केलेलं. आमचं काम स्प्रेकडून डायकडे सरकलं ते या प्लॅस्टिसायझरमुळेच. हार्डवेअरच्या दुकानातला साधा एनॅमल स्प्रे पहिल्या दिवशी झकास दिसतो. पण प्लॅस्टिसायझर हळूहळू पृष्ठभागावर येतो, रंगाचा थर मऊ पडतो आणि पोनी चिकट होते ती कायमची. बोटांचे ठसे उमटतात, धूळ बसते. वरून व्हार्निश मारूनही भागत नाही. डाय मात्र व्हिनाइलच्या आत शिरतो, त्याचा थरच नसतो. त्यामुळे पोपडा निघायचा प्रश्न येत नाही आणि मान फिरवली तरी सांध्यावर रंग खरवडला जात नाही.

डाय सिंथेटिक कापडाचाच लागतो, ‘रिट डायमोर’ किंवा ‘आयडाय पॉली’सारखा. सुती कापडाच्या रंगात पोनी तासभर उकळली तरी जेमतेम मळकट दिसेल.

खरी मेहनत डायच्या आधीची. गरम पाण्यात मान मऊ केली की डोकं अलगद निघतं. थंड असताना ओढलं तर मानेची कड फाटते. केस आतून चिमट्याने काढायचे. जुन्या पोनीची शेपटी आत धातूच्या चकतीने धरलेली असते. ती गंजते आणि शेपटीभोवती तपकिरी डाग पडतो. चकती काढून टाकायची. नवी शेपटी प्लॅस्टिकच्या झिप-टायने बांधायची. अंगावरचं चित्र आणि डोळे शुद्ध ॲसिटोनने निघतात. कापसाच्या काडीवर थोडंसंच घ्यायचं, पुसायचं आणि लगेच धुवायचं, कारण जास्त वेळ घासलं तर व्हिनाइलला चकाकी येते आणि तो ठिपका डायमध्ये वेगळा उठून दिसतो. कडक प्लॅस्टिकच्या भागांना ॲसिटोन लावायचंच नाही, ते विरघळू शकतात. खिडकी उघडी हवी आणि शेगडी बंद. शेवटी भांड्याच्या साबणाने घसाघसा धुवायचं; हाताचं तेल राहिलं की तिथे डाय कमी चढतो.

एका पोनीला आम्ही दोन लिटर पाणी, दोन मोठे चमचे डाय आणि साबणाचे चार थेंब घेतो. पातेलं स्टीलचं, आणि ते पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नाही. पाणी ८० ते ८५ अंशांवर ठेवतो. खळखळ उकळी आली तर पाय वाकतात आणि तळाला टेकलेली बाजू चपटी होते. अंग पोकळ असल्याने ते तरंगतं आणि वरची बाजू फिकी राहते. म्हणून मानेतून आत पाणी भरून बुडवायचं आणि लाकडी चमच्याने सतत फिरवत राहायचं. डोकं आणि अंग एका वेळी टाकलं तरी नजर दोन्हींवर वेगवेगळी हवी. दोन्हींचं प्लॅस्टिक बऱ्याचदा सारखं नसतं आणि एक भाग दुसऱ्याच्या आधी रंग पितो. दर अर्ध्या मिनिटाने बाहेर काढून पांढऱ्या कागदावर धरून बघतो. फिकट छटेला एक-दोन मिनिटं पुरतात, गडदला दहा-पंधरा. हवी ती छटा येण्याच्या किंचित आधीच काढून थेट गार पाण्यात टाकायची आणि पाय त्याच वेळी हाताने सरळ करून घ्यायचे.

डाय पारदर्शक असतो, हे ऑर्डर घेतानाच आम्ही गिऱ्हाईकाला समजावतो. पिवळ्या पोनीवर निळा चढवला तर हिरवी मिळेल, गुलाबीवर निळा चढवला तर जांभळी. गडदावरून फिकट होणार नाही. त्यामुळे पांढरी किंवा अगदी फिकट ‘बेट’ पोनी (कस्टमसाठी वापरायची जुनी, खराब झालेली पोनी) पाठवा, असाच आमचा आग्रह असतो. पेनाच्या रेघा आणि व्हिनाइलच्या आतले तपकिरी ठिपके फिकट डायखाली झाकले जात नाहीत. अशा पोनीला गडद जांभळा किंवा काळाच बरा. पेस्टल हवाच असेल तर गाडीच्या सीटसाठी मिळणारा लवचिक व्हिनाइल स्प्रे पातळ थरांत मारतो, पण मानेचा सांधा मास्किंग टेपने झाकूनच. तिथे रंगाची जाडी वाढली की डोकं नीट बसत नाही.

दुर्मीळ आणि सुस्थितीतली जुनी पोनी मात्र आम्ही डाय करत नाही, गिऱ्हाईकाने कितीही पैसे देऊ केले तरी. बेटसाठी तुटक्या केसांच्या, चित्र पुसलेल्या पोनी पुष्कळ मिळतात.

पाठवण्याआधी पोनी कोमट साबणाच्या पाण्यात धुतो, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. मग आत-बाहेर पूर्ण सुकवून मगच डोकं बसवतो. व्हिनाइलमधला गडद डाय शेजारच्या पांढऱ्या व्हिनाइलमध्ये उतरतो, म्हणून प्रत्येक पोनी वेगळ्या पिशवीत जाते. कपाटातही काळी किंवा लाल पोनी फिकट पोनीला टेकवून ठेवू नका, आणि खिडकीतल्या उन्हात तर नकोच. उन्हाने डाय विटतो, तोही एकाच बाजूने.