बशी पालथी घालून पाहताना

गेल्या हिवाळ्यात कॅन्सस राज्यातील एका जुन्या घरी एस्टेट सेल होता. घरातील वडीलधारी माणसे गेल्यावर त्यांच्या संसारातील सर्व वस्तूंना किमतीच्या चिठ्ठ्या लावून दोन-तीन दिवस घर सर्वांसाठी उघडे ठेवण्याची ही अमेरिकी पद्धत मला सुरुवातीला फार निष्ठुर वाटत असे. आता जुनी भांडी घेऊन विकणे हाच माझा व्यवसाय झाल्यामुळे मी पहाटे उठून रांगेत उभी राहते. त्या घरात जेवणाच्या टेबलावर फ्रान्समधील लिमोज येथील हॅविलँड कारखान्याच्या पोर्सेलीनचा बारा जणांचा संपूर्ण संच मांडलेला होता. फिकट गुलाबी फुले, सोनेरी कडा, झाकणाचे भलेमोठे सूपपात्र, एकाही कपाचा कान तुटलेला नाही. येणारा प्रत्येक जण त्याचे कौतुक करी आणि पुढच्या खोलीत जाई. स्वयंपाकघरातील एका खणात, बटाटे सोलायच्या सुरीशेजारी, काळवंडलेले आणि एका बाजूने पोचा पडलेले दुधाचे छोटे भांडे होते. मी ते पालथे करून तळ पाहिला आणि बारा डॉलर मोजून ते घेतले. तळावर फ्रेड हार्वीचे नाव होते.

फ्रेड हार्वी यांनी सांता फे रेल्वेशी करार करून १८७६ साली टोपेका स्थानकात पहिले भोजनगृह उघडले. तोवर पश्चिमेकडे जाणाऱ्या प्रवाशांना स्थानकांवर जे मिळे त्याची कीर्ती फारशी चांगली नव्हती. हार्वींनी गाडी थांबण्याच्या तेवढ्याच वेळात, पांढऱ्या टेबलक्लॉथवर, जड काट्याचमच्यांसह गरम जेवण देण्याची शिस्त घालून दिली. त्यांच्याकडील वाढपिणी प्रवाशाने सांगितलेले पेय कपाच्या ठेवणीवरून एकमेकींना कळवीत. कप बशीत सुलटा आहे की पालथा, यावरून मागून येणारी मुलगी न विचारता नेमके पेय ओतत असे. पुढे या मार्गावर मोठी हॉटेलेही उभी राहिली. ग्रँड कॅन्यनच्या काठावरील एल तोवार १९०५ चे, तर विन्स्लो येथील ला पोसादा १९३० चे. या सर्व ठिकाणची भांडी रोज शेकडो हातांतून जात, आपटत, घासली जात आणि पुन्हा टेबलावर येत. माझ्या भांड्याचा पोचा नेमका कुठला, हे सांगता येणार नाही. पण तो कपाटात बसून पडलेला नाही, एवढे नक्की.

अशा भांड्यांच्या तळावर पुष्कळदा ‘सिल्व्हर सोल्डर्ड’ असे शब्द ठसवलेले असतात आणि त्यावरून घरोघर मोठा गैरसमज होतो. आजीचे चांदीचे भांडे म्हणून ते जपले जाते, वितळवून किती चांदी निघेल याची चौकशी होते आणि उत्तर ऐकून चेहरे पडतात. हे शब्द जोडकामाविषयी आहेत. मूळ भांडे जर्मन सिल्व्हरचे, म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूचे असते आणि त्यात चांदीचा कणही नसतो. मूठ, चोच आणि बिजागरी मात्र चांदीयुक्त डाक देऊन जोडलेली असते, कारण शिसे-कथिलाचा मऊ डाक हॉटेलातल्या वापरात टिकत नाही. त्यावर विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा. तो झिजला की हॉटेले भांडी पुन्हा मुलाम्यासाठी पाठवीत, जशी आपल्याकडे पितळी भांडी कल्हईवाल्याकडे जात. म्हणून हॉटेलच्या भांड्यावरचा नवा मुलामा हा खोटेपणा आहे, असे मी मानत नाही. पण गिऱ्हाइकाला तो सांगितला पाहिजे. मला स्वतःला मात्र झिजलेलेच आवडते. चमच्याच्या पाठीवर, जिथे तो टेबलाला टेकतो, तिथला मुलामा आधी जातो आणि खालचा पिवळसर धातू डोकावू लागतो. तो ठिपका योग्य जागी असला की माझा अर्धा संशय फिटतो.

संशय बाळगण्याचे कारण आहे. पहिल्या दोन वर्षांत मी एका विक्रेत्याकडून रेल्वेचे बोधचिन्ह असलेले सहा काटे घेतले होते. घरी आणून भिंगाखाली धरले तेव्हा काट्यांची दाते झिजून बोथट झालेली, मुठी चऱ्यांनी भरलेल्या आणि बोधचिन्हाच्या रेषा मात्र काल कोरल्यासारख्या धारदार दिसल्या. शिवाय त्या रेषांच्या तळाशी चांदी नव्हतीच, उघडा धातू होता. कारखान्यात चिन्ह आधी उमटते आणि मुलामा नंतर चढतो. इथे मुलामा कापून चिन्ह खोदले होते. साध्या हॉटेलचे स्वस्त काटे घेऊन त्यांना रेल्वेचा जन्मदाखला चिकटवला होता. मी ते काटे विकले नाहीत. खऱ्या काट्यांशेजारी ठेवून नव्या लोकांना दाखवायला त्यांच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही.

पोर्सेलीनची परीक्षा निराळी. बशी तीन बोटांवर तोलून नखाने टिचकी मारली की निर्दोष बशी खणखणते आणि चिरलेली बद्द बोलते. नजरेला न दिसणारी केसाएवढी चीर कानाला कळते. अतिनील दिव्याखाली दुरुस्तीचा रंग किंवा गोंद अनेकदा वेगळा उजळतो. पाठीवरच्या ठशांवर मात्र मी पहिल्याइतका विश्वास ठेवत नाही. जर्मनीतील माइसेन या पोर्सेलीन कारखान्याच्या एकमेकांवर ठेवलेल्या निळ्या तलवारी अठराव्या शतकापासून इतक्यांनी उतरवल्या आहेत की, त्या दिसल्या की मी आधी झिलई आणि चित्रकाम पाहते. त्यापेक्षा रूक्ष सरकारी खुणा अधिक उपयोगी पडतात. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यामुळे पुढच्या वर्षापासून आयात मालावर मूळ देशाचे नाव घालणे आवश्यक झाले. जपानी मालावर आधी ‘निप्पॉन’ असे आणि १९२१ नंतर ‘जपान’ असे. हॅविलँडच्या ताटलीवर बहुधा दोन ठसे सापडतात: झिलईखालचा हिरवा ठसा कोरी ताटली बनवल्याचा आणि झिलईवरचा दुसरा ठसा ती रंगवल्याचा. दुसरा नसेल, तर ती ताटली कोरीच विकली गेली आणि बाहेर कुणीतरी रंगवली, असे समजण्यास जागा असते. त्या काळी अमेरिकेत कोऱ्या पोर्सेलीनवर घरी चित्रे काढण्याचा छंद बराच पसरला होता आणि त्यातली काही कामे कारखान्यापेक्षा सरस आहेत. बरीचशी नाहीत.

रेल्वेच्या चिनी मातीच्या भांड्यांना नाजूकपणाशी काही घेणेदेणे नव्हते. ती जाड, जड आणि आरपार काचेसारखी भाजलेली असत, म्हणजे टवका उडाला तरी उघडा पडलेला भाग पाणी शोषत नसे. सांता फेची सुपर चीफ ही गाडी १९३६ साली सुरू झाली. तिच्यासाठी वास्तुरचनाकार मेरी कोल्टर यांनी न्यू मेक्सिकोतील सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या मिंब्रेस लोकांच्या वाडग्यांवरील पशुपक्ष्यांवरून ‘मिंब्रेनो’ नावाचा नमुना तयार केला आणि ओनोन्डागा पॉटरी या कारखान्याने तो बनवला. बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेने १९२७ मध्ये आपल्या शताब्दीसाठी काढलेल्या निळ्या संचाची रचना ऑलिव्ह डेनिस या अभियंता बाईंची. तो पुढेही पुन्हापुन्हा निघाला, त्यामुळे तिथे उत्पादकाचा ठसा न वाचता पैसे देणे हा शुद्ध आळस ठरतो. १९७१ मध्ये अ‍ॅमट्रॅक या राष्ट्रीय प्रवासी रेल्वे कंपनीने बहुतेक प्रवासी गाड्या ताब्यात घेतल्यावर जुन्या कंपन्यांची ही भांडी कामावेगळी झाली. आज माझ्याकडे येणारा माल जुन्या कर्मचाऱ्यांच्या घरांतून येतो किंवा कोणे एके काळी प्रवाशाच्या पिशवीत ‘चुकून’ गेलेला असतो.

आता विक्रीविषयी. लोण्याची चकती ठेवण्यापुरती चिमुकली रेल्वेची बशी मागणी असलेल्या नमुन्याची असली, तर ती लिमोजच्या अख्ख्या संचापेक्षा लवकर विकली जाते. सोनेरी कडा मायक्रोवेव्हला चालत नाहीत आणि डिशवॉशरमध्ये उडतात, कपाटात जागा नसते आणि बारा पाहुणे एकदम जेवायला येत नाहीत. म्हणून संचाला कुणी विचारत नाही. रेल्वेच्या बशीला गिऱ्हाईक आहे, कारण ती कोणत्या गाडीत होती, हे तिच्या अंगावर लिहिलेले असते.

विक्रीला ठेवलेल्या वस्तूचे मी लिहिलेले वर्णन लांबलचक असते आणि त्यावरून मैत्रिणी मला हसतात. प्रत्येक टवका, चीर आणि चरा मी शब्दांत लिहिते आणि छायाचित्रातही दाखवते. दोष आधी सांगितलेली वस्तू परत येत नाही, हा माझा अनुभव आहे. पाठवताना खोक्यात खोके. एकदा मी कॉफीच्या भांड्याचे झाकण भांड्यातच ठेवून पाठवले आणि हजार मैलांच्या प्रवासात ते आतून इतके आदळले की, शंभर वर्षांत हॉटेलाने जे नुकसान केले नव्हते ते मी चार दिवसांत करून दाखवले. पैसे परत केले. चांदीच्या मुलाम्याची भांडी साठवताना रबरबँड लावू नयेत, हेही असेच शिकले. रबरातल्या गंधकाचा काळा पट्टा अजून एका साखरदाणीवर आहे.

त्या बारा जणांच्या संचाचे काय झाले, हे सांगायचे राहिले. शेवटच्या दिवशी दर निम्मे होतात म्हणून मी पुन्हा गेले. तो टेबलावर तसाच होता आणि मी तो घेतला. ज्यांच्या आजीच्या संचातला एकच कप फुटला आहे, अशी माणसे देशभर आहेत आणि ती नमुना जुळवून एक कप, दोन बश्या, एखादी लांबट थाळी मागतात. एकत्र असताना कुणाला नको असलेला संच असा सुटासुटा होऊन गेला. नऊ कप, सात बश्या, मोठी थाळी. फ्रेड हार्वीचे दुधाचे भांडे मी अजून विक्रीला काढलेले नाही. सूपपात्र कपाटावर आहे, कारण ते बसेल असे खोके मला मिळालेले नाही.